‘तिला आमच्यात घेणार नाही’: दुसरीच्या वर्गातली चिडवाचिडवी आणि काही उपक्रम

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. पटावर ३१ मुलं आहेत. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातली एक मुलगी वर्गात आली. ती बोलली की मुलं तिची नक्कल करतात, तिला खेळायला घेत नाहीत. एक मुलगा बोलताना अडखळतो, त्यालाही चिडवतात. समजावून झालं, रागावून झालं. मैत्री, वेगळेपण आणि चिडवणं या विषयांवर या वयाला झेपतील असे उपक्रम सुचवाल का?

उत्तर :

ताई, उपक्रम सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट पक्की धरा. उपक्रम त्या मुलीवर किंवा त्या मुलावर करायचा नाही. ‘आजपासून आपण सगळे हिच्याशी मैत्री करायची हं’ असं म्हणून तिला फळ्यापाशी उभं केलं, की चारपाच जणांच्या डोळ्यांत आलेलं तिचं वेगळेपण सगळ्या वर्गाच्या डोळ्यांत भरतं. उपक्रम सगळ्या वर्गाचा, आणि त्यात ती दोघं बाकीच्यांसारखीच. दुसरं असं, की सात वर्षांचं मूल उपदेश ऐकून फारसं बदलत नाही. कोण कोणाशेजारी बसतं, कोण कोणाबरोबर खेळतं हे बदललं की ते बदलायला लागतं. म्हणून मी गोष्टी-चित्रांच्या आधी मैदानाकडे वळते.

पहिला आठवडा नुसतं बघा. मधली सुट्टी, खिचडीची पंगत आणि शाळा सुटण्याची वेळ, या तीन जागा पुरेत. कोणाच्या शेजारची जागा रोज रिकामी राहते? नक्कल सुरू कोण करतं आणि मोठ्याने हसतं कोण? बहुतेक वर्गांत सुरू करणारी एकदोनच असतात, हसणारी थोडी जास्त, आणि उरलेली नुसती बघत असतात. तुमचं खरं काम या बघणाऱ्यांवर आहे. चिडवणाऱ्याला त्यांच्या हसण्यातून बळ मिळतं आणि चिडवलेल्या मुलाला त्यांच्या गप्प राहण्याने एकटं वाटतं.

याच आठवड्यात एकेका मुलाला जवळ बोलावून विचारा, ‘खिचडी खाताना तुला कोणाशेजारी बसायला आवडेल? दोन नावं सांग.’ वहीत त्याच्या नावापासून त्याने सांगितलेल्या नावांकडे बाण काढत जा. नात्यांचा असा नकाशा मांडायची पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात रूढ केली आणि प्राथमिकच्या वर्गात ती आजही उत्तम चालते. ‘कोण आवडत नाही’ हे मात्र चुकूनही विचारू नका. तो प्रश्न बाहेर पडला की दुपारपर्यंत त्याची चर्चा होते. नकाशात ज्याच्याकडे एकही बाण येत नाही, ते मूल बऱ्याचदा आपल्या लक्षातच आलेलं नसतं. शांत आहे, शहाणं आहे म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, तेच निघतं.

कट्टी आणि चिडवणं यांत गल्लत करू नका. कट्टी दोघांत होते, कधी हा धरतो कधी तो, आणि संध्याकाळी बट्टीही होते. त्यात आपण पडायची गरज नसते. चिडवण्यात मात्र रोज तेच मूल सापडतं, आणि समोर एकापेक्षा जास्त जण असतात. मुलांना हा फरक शिकवायला मी एकच प्रश्न वापरते : ‘दोघं हसले का?’ मैत्रिणीने गंमत केली आणि दोघी हसल्या, तर ती गंमत. एक हसली आणि दुसरीचा चेहरा पडला, तर थांबायचं. परिपाठानंतर पाच मिनिटं छोटे प्रसंग सांगा आणि मुलांना अंगठा वर-खाली करायला लावा. पावसात मित्राची चप्पल वाहून गेली, तोही हसला, आपणही हसलो. चष्मा लावून आलेल्या मुलीला ‘ढापणी’ म्हटलं, ती खाली बघत जागेवर बसली. दुसरीतली मुलं चेहरे अचूक ओळखतात. आठवडाभरात ती एकमेकांनाच ‘दोघं हसले का रे?’ विचारायला लागतात, आणि तेवढ्याने काही प्रसंग जागच्या जागी थांबतात.

आता मैदान. सगळ्यात दुखणारा क्षण असतो गट पाडण्याचा. दोन म्होरके उभे राहतात, एकेक भिडू निवडतात आणि शेवटी तीच दोन मुलं उरतात. रोज, सगळ्यांसमोर. ही पद्धत उद्यापासून बंद करा. पिशवीत कडुनिंबाची, आंब्याची, पिंपळाची पानं टाका. ज्याच्या हातात जे पान येईल तो त्या गटात. कोणी कोणाला निवडायचा प्रश्नच येत नाही, आणि रोज नवे गट पडतात.

खेळही निवडून घ्या. ज्या खेळात हरलेला बाहेर बसतो, त्यात हळू पळणारं मूल सगळ्यात आधी बाहेर आणि सगळ्यात जास्त वेळ बाहेर. संगीत खुर्ची उलटी खेळवा : खुर्ची कमी होईल, मूल कमी होणार नाही. एकमेकांना धरून, मांडीवर घेऊन सगळ्यांना उरलेल्या खुर्च्यांवर मावायचं. शेवटच्या चार खुर्च्यांवर जो गोंधळ होतो त्यात कोण कोणाला हात देतं ते बघाच. (खुर्च्या नसतील तर जमिनीवर खडूने चौकोन आखा. पडण्याची भीती नाही.) आपल्या मुलांना कच्च्या लिंबाची रीत माहीत असतेच. लहान भावंडाला खेळायला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य आणायचं नाही. ही रीत मायेची आहे, पण बरोबरीच्या मुलीला रोज कच्चा लिंबू केलं तर तो तिचा अपमान होतो. खेळाचे नियम ठाऊक नसतील तर ते शिकवायचे, आणि राज्य तिच्यावरही यायला हवं.

‘तुला घेणार नाही’ या वाक्याबद्दल. शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूलमध्ये बालवर्गाला शिकवणाऱ्या विव्हियन पेली यांनी आपल्या वर्गात नियम आणला होता, की ‘तू खेळायचं नाहीस’ असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की नियम लावण्याआधी त्यांनी स्वतःच्या वर्गाशी आणि वरच्या वर्गांतल्या मुलांशीही त्यावर भरपूर बोलणं केलं. नियम योग्य आहे का, आणि तो पाळता येईल का, असं त्यांनी मुलांनाच विचारलं. तुम्हीही तसंच करा. ‘आपल्या वर्गात असा नियम केला तर?’ एवढंच विचारा आणि ऐका. कोणीतरी म्हणेल, ‘बाई, पण ती खेळ बिघडवते.’ तक्रार खरी असते. मग ‘खेळ बिघडला तर काय करायचं?’ हे मुलंच ठरवतील. नियम फक्त शाळेच्या वेळेपुरता ठेवा. घरी कोणाला बोलवायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

यानंतर ठकी, म्हणजे हातात घालून बोलवायची मोज्याची बाहुली. माझ्या मते या वयासाठी याहून चांगलं साधन नाही. जुना मोजा, दोन गुंड्या, लोकरीच्या वेण्या, झालं. ठकी ही वर्गात येणारी एक मुलगी आहे आणि ती दर शनिवारी येते. आनंददायी शनिवारचा तास यासाठी अगदी योग्य. तिला घर द्या, आई-बाबा द्या, आवडीनिवडी द्या, आणि त्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या शनिवारी तिच्या भावाचं नाव बदललं तर मुलं लगेच पकडतात. पहिल्या दोन भेटींत ठकीला काहीच अडचण नसू दे. तिला शेळीचं पिल्लू आवडतं, पालकाची भाजी आवडत नाही, झोपताना दिवा लागतो. आधी ती मुलांची होऊ दे.

तिसऱ्या भेटीत ती गप्प असते. तुमच्या कानात काहीतरी सांगते. तुम्ही वर्गाला सांगता, ‘ठकी म्हणते, तिच्या केसांवरून तिला झाडू म्हणतात.’ इथे एक काळजी घ्या : ठकीची अडचण तुमच्या वर्गातल्या कोणाचीच हुबेहूब नको. ठकी अडखळत बोलायला लागली तर सगळ्या माना त्या मुलाकडे वळतील. केस, फाटकं दप्तर, पुढचे पडलेले दात असं काहीतरी घ्या. मग विचारा, ‘ठकीने काय करावं?’ पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘बाईंना सांगायचं.’ दुसरं : ‘तिनं पण चिडवायचं.’ दोन्ही ऐकून घ्या, चूक-बरोबर म्हणू नका. ठकीच्या कानाशी जाऊन विचारा आणि वर्गाला सांगा, ‘ती म्हणते, मी पण चिडवलं तर ते आणखी चिडवतील.’ आता वर्ग विचारात पडतो. घाई करू नका. या शांततेनंतर हमखास एखादं मूल म्हणतं, ‘तिची मैत्रीण कुठं होती?’ तुम्हाला हवा असलेला प्रश्न मुलांकडूनच आला. तो धरून पुढे जा : जवळ उभ्या असलेल्या मुलांनी काय करायचं?

उत्तरं तोंडी ठेवू नका, करून घ्या. ठकीला मध्ये बसवा आणि जोडीजोडीने मुलांना येऊ द्या. मोठ्या माणसांची वाक्यं त्यांच्या तोंडी घालू नका. ‘मला तुझं वागणं योग्य वाटत नाही’ असं कुठलंच सात वर्षांचं मूल म्हणत नाही. ‘ए, नको ना’, ‘बास की’, ‘चल गं, आपण खेळू’ ही त्यांची वाक्यं. यातलं शेवटचं सगळ्यात उपयोगी, कारण चिडवणाऱ्याशी भांडायला धीर लागतो, पण चिडवलेल्या मुलीचा हात धरून तिला तिथून नेणं भित्र्या मुलालाही जमतं. प्रत्येक मुलाने ते एकदा तरी उठून, हात धरून, मोठ्याने म्हणायला हवं. अंगात भिनलेलं असेल तरच ते मैदानावर ऐन वेळी आठवतं. आणि बाईंना सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हे याच वेळी स्पष्ट करा : कोणाला ओरडा बसावा म्हणून सांगणं वेगळं, कोणाला सोडवायला सांगणं वेगळं.

आता तुमच्या त्या मुलीच्या बोलण्याबद्दल. याचं मूळ एका समजुतीत आहे : आपण बोलतो ते नीट आणि ती बोलते ते हसण्यासारखं. ती समजूत मोडायची तर सगळ्यांचीच बोली फळ्यावर यायला हवी. फळ्यावर पुस्तकातलं वाक्य लिहा : ‘मी शाळेत गेले.’ मग विचारा, तुमच्या घरी कसं म्हणतात? तुमच्याकडच्या मुली ‘मी साळंत गेलो’ म्हणतील, कारण कोल्हापूरकडे बायका-मुली ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात. पुस्तकाच्या मापाने मग सगळा वर्गच वेगळा निघतो. पुढचं वाक्य, ‘काय करतोस?’ कोणी ‘काय करालायस’ सांगेल, आणि तिच्याकडून ‘काय करायलास’ आलं तर ते दोन्ही एकाखाली एक लिहा. किती जवळचे आहेत ते मुलांच्या डोळ्यांनाच दिसतं. तिला मुद्दाम उठवू नका. वर्ग रंगला की ती आपणहून बोलते. पुढे भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि एकाच वस्तूची वेगवेगळी नावं गोळा करा : खर्डा आणि ठेचा, भाकरी आणि भाकर, पिठलं आणि बेसन. आजीला विचारून आणलेला शब्द असेल तर आजीचंही नाव लिहा.

आणि ताई, तोंडी बोलताना कोणाचंही ‘पानी’, ‘आनी’, ‘लोनी’ मध्येच तोडून दुरुस्त करू नका. लेखनात ण शिकवा, जरूर शिकवा. पण बोलणाऱ्याला भर वर्गात थांबवून सुधारलं, की हसायची परवानगी आपणच दिल्यासारखी होते.

याला जोडून ‘आज मी मास्तर’ ठेवा. दर आठवड्याला तीन मुलांनी स्वतःला येणारी एक गोष्ट वर्गाला शिकवायची. कागदी होडी, शिट्टी, सायकलची चेन बसवणं, काहीही. त्या मुलीने काय शिकवायचं ते तुम्ही ठरवू नका. ऊसतोडीतली म्हणून तिच्याकडून उसाची माहिती काढायचा मोह होतो, पण तिला कदाचित सागरगोटे शिकवायचे असतील. सागरगोटे उडवण्यात वर्गातल्या कोणाहीपेक्षा तिचा हात चलाख असेल, तर मैदानावर तिला बोलावणं आपोआप येईल.

रंगावरून चिडवणं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते नाही असा वर्ग मी पाहिलेला नाही. रंगपेटीत एक फिकट गुलाबी खडू असतो, मुलं त्याला ‘स्किन कलर’ म्हणतात, आणि वर्गात त्या रंगाचं एकही मूल नसतं. चित्रकलेच्या तासाला पिवळा, तांबडा, पांढरा आणि किंचित काळा असे रंग द्या. प्रत्येकाने स्वतःच्या हाताचा रंग कालवायचा, मनगटावर ठिपका देऊन पडताळायचा, आणि जमल्यावर हाताचा पंजा कागदावर उमटवायचा. पडताळताना मुलं इतकी गुंगतात, की काळं-गोरं हे शब्दच मागे पडतात. नंतर रंगाला नाव द्यायचं : काकवी, गूळ, चिंच, दुधाचा चहा, भाजलेला दाणा. पंजे भिंतीवर लावताना ते उजळ ते गडद असे ओळीने लावू नका, नाहीतर केलेलं सगळं वाया गेलं. हा उपक्रम करताना तुमचा स्वतःचा पंजाही हवा.

अडखळणाऱ्या मुलासाठी वर्गातल्या सवयी बदलाव्या लागतील. त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. ‘सावकाश बोल, श्वास घे’ असंही म्हणायचं नाही. त्याने ताण वाढतो. त्याच्याकडे बघत थांबायचं आणि तो काय म्हणाला त्याला उत्तर द्यायचं. बहुतेक अडखळणाऱ्या मुलांना सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना अडखळायला होत नाही, म्हणून कविता, पाढे, प्रकट वाचन काही दिवस जोडीने किंवा गटाने घ्या, सगळ्यांसाठीच. वर्गाला एकच रीत लावा : बोलणाऱ्याच्या हातात चेंडू, आणि चेंडू त्याच्या हातात असेपर्यंत दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. ही रीत त्याच्यासाठी आहे हे कोणाला कळणारही नाही. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची आरोग्य तपासणी करणारं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्याकडे त्याचं नाव नोंदवा आणि गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशीही बोला. सातव्या वर्षी अडखळणं टिकून असेल तर ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून थांबू नये, वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवावं.

दोन उपक्रम सगळीकडे सुचवले जातात, ते करू नका असं मी आग्रहाने सांगेन. एक म्हणजे कागदाचं हृदय : मुलांनी त्याला वाईट शब्द बोलत चुरगळायचं, मग ‘सॉरी’ म्हणत उलगडायचं आणि सुरकुत्या जात नाहीत हे बघायचं. लहान मुलांना त्यात चुरगळायचीच मजा येते आणि वर्गाला चारपाच नव्या शिव्या मिळतात. ज्याला रोज बोलणी खावी लागतात, ते मूल मात्र काय समजतं? आपण आता कायमचे चुरगळलेले. दुसरा आहे जेन इलियट या शिक्षिकेचा. अमेरिकेत आयोवामधल्या राइसव्हिलला त्यांनी १९६८ साली तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून वर-खाली ठरवून भेदभाव भोगायला लावला होता. तो प्रयोग गाजला, पण सात वर्षांच्या मुलाला तो अपमान नाटकातला वाटत नाही, खराच वाटतो. आपल्या वर्गांत तर काही मुलं घरून तो आधीच घेऊन आलेली असतात.

आपल्या रोजच्या कामातही चिडवायला साहित्य मिळतं. वजन-उंचीच्या दिवशी आकडे मोठ्याने सांगितले जातात आणि त्याच दुपारी दोन नवी नावं पडतात. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना जात भर वर्गात विचारली जाते. वजन एकेकाचं, कोपऱ्यात; जातीची माहिती पालकांकडून, ऑफिसात. परिपाठाची रांग उंचीने लावायची असा कुठला कायदा नाही. ‘ए बारक्या, इकडे ये’ हे आपण प्रेमाने म्हणतो, पण मुलं प्रेम सोडून शब्द तेवढा उचलतात.

प्रत्यक्ष चिडवताना दिसलं तर तिथे भाषण नको. जवळ जा, ‘आपल्या वर्गात असं बोलायचं नाही’ एवढं म्हणा आणि आधी चिडवलेल्या मुलाकडे वळा, त्याला कशात तरी गुंतवा. चिडवणाऱ्याशी नंतर एकट्याने बोला. सगळ्यांसमोर ‘सॉरी म्हण’ लावलं तर तो पुटपुटतो आणि राग मनात ठेवतो. त्याऐवजी ‘तिला बरं वाटावं म्हणून तू काय करशील?’ असं विचारा. मुलांची उत्तरं चांगली असतात : झोपाळ्यावर माझा नंबर देतो, पेन्सिल टोक करून देतो. ते त्याला त्याच दिवशी करू द्या. आणि ‘आता सगळे मिळून याला चिडवा, म्हणजे कळेल’ हा उपाय कोणी सुचवला तर साफ नकार द्या. मुलांचा मानसिक छळ शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मना केलेला आहे.

पालकसभेत नावं न घेता ठकीची गोष्ट सांगा. काही आया म्हणतील, ‘आम्ही पोराला सांगतो, तू पण दे ठेवून.’ त्यांना ‘चल, आपण खेळू’ हे वाक्य घरी करून घ्यायला सांगा.

महिना-दीड महिन्याने खिचडीच्या पंगतीचा नकाशा पुन्हा काढा. त्या दोघांकडे एकेक जरी नवा बाण आला असेल, तरी दिशा बरोबर आहे. एका पक्क्या मैत्रिणीने लहान मुलाचं शाळेतलं आयुष्य पालटतं. बाण आला नाही, आणि मूल सकाळी पोटात दुखतं म्हणून घरी राहायला लागलं, दप्तरातल्या वस्तू हरवायला लागल्या किंवा अंगावर ओरखडे दिसले, तर प्रकरण चिडवण्याच्या पुढे गेलंय असं समजा आणि मुख्याध्यापक व दोन्हीकडच्या पालकांना एकेकटं भेटून बोला.

गळीत हंगाम संपला की ती मुलगी मार्च-एप्रिलमध्ये परत जाईल. तिचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत तिचं शिक्षण पुढे चालू राहावं म्हणून द्यायचं कार्ड, वेळेत भरून द्या, आणि तिने शिकवलेल्या सागरगोट्यांचा डाव वर्गात चालू ठेवा. पुढच्या दिवाळीनंतर ती किंवा तिच्यासारखी दुसरी कोणी आली, तर तिच्याशी कसं खेळायचं हे तोवर तिसरीत गेलेल्या मुलांना माहीत असेल.